सह्यांची मतं

सिस्टर संसदेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या, तेव्हा त्यात त्यांना काय मिळणार याचा हिशेब गावातल्या प्रत्येकाने आपापल्या परीने मांडून पाहिला आणि कोणाचाच जुळेना. खुर्ची मिळणार नव्हती. तेवढ्या भोळ्या त्या कधीच नव्हत्या. नाव मिळायचं म्हणावं, तर सरकारी दवाखान्याच्या बाळंतपणाच्या वॉर्डात उभी हयात घालवलेल्या बाईला आणखी कसलं नाव हवं? गावातली निम्मी माणसं त्यांनी पायाला उलटी धरून पहिल्यांदा रडवलेली होती. शेवटी लोकांनी ठरवून टाकलं, की निवृत्तीनंतर बाईला घरी करमत नसणार.

खरा हिशेब एका ओळीचा होता. त्यांना वॉर्ड हवा होता.

दवाखान्याच्या मागच्या अंगाला असलेला तो वॉर्ड वर्षभरापूर्वी कुलूप लावून बंद केला होता. परवडत नाही, असं कारण दिलं गेलं. तेव्हापासून पोटुशा बायकांना शहराच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागे, म्हणजे रस्ता धड असला तर दोन तास, आणि रस्ता धड कधीच नसे. एकीचं मूल गाडीतच झालं. दुसरीचं गाडीतच झालं आणि गाडीतच गेलं. सिस्टरांनी अर्ज केले, साहेबांच्या दारात बसल्या, आणि शेवटी खासदारांच्या जाहीर सभेत मधेच उभ्या राहून विचारलं, "वॉर्ड कधी उघडणार?"

खासदार हसले. हसणं हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. म्हणाले, "सिस्टर, त्या वॉर्डाची काळजी तुम्हालाच फार दिसते. बाकी कोणी बोलत नाही. अहो, या मतदारसंघातल्या दहांतल्या एकाने जरी त्या वॉर्डासाठी मत दिलं ना, तर मी स्वतः येऊन कुलूप काढतो! बस?"

सभा हसली. सिस्टर हसल्या नाहीत. खाली बसता बसता एवढंच म्हणाल्या, "बस."

विरोधी उमेदवार त्यांना घरी भेटला तेव्हा त्याने तर हसायचेही कष्ट घेतले नाहीत. सरबत पिऊन गेला.

मग आले मास्तर. हे निवृत्त भूगोलाचे शिक्षक आणि तिसऱ्या पक्षाचे संस्थापक, अध्यक्ष आणि बरेचसे सदस्य. पक्षात माणसांपेक्षा ठराव जास्त होते. मास्तर म्हणाले, "सिस्टर, देशाला तिसरा पर्याय हवा आहे."

"देशाचं तुम्ही बघा, मास्तर. मला दहांतला एक पाहिजे."

"एवढंच?"

"एवढंच. जास्त आले तर परत करीन."

अशा रीतीने, शिडी या चिन्हावर, सिस्टर उभ्या राहिल्या.

प्रचार त्यांनी पायीच केला. भाषण असं नव्हतंच. दारात उभ्या राहायच्या आणि आत ओरडायच्या, "कोण आहे गं घरात? तुझं पोरगं पायाळू होतं ना, आठवतं का? मग शिडीवर खूण कर." आतून बाई पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, "सिस्टर, तुम्ही कशाला आलात? मी करणारच होते." पंधरवड्यात खासदारांच्या माणसांचं हसणं जरा बारीक झालं.

कागदपत्रांची बाजू भावाकडे होती. सिस्टरांचा धाकटा भाऊ बाजारात झेरॉक्सचं दुकान चालवायचा. गाव त्याला कार्बन म्हणे; एक तर धंदा तसा, आणि दुसरं म्हणजे शेवटी जो बोलेल त्याचंच मत त्याच्या तोंडावर उमटायचं. सिस्टरांनी त्याला अंगाखांद्यावर वाढवला होता, म्हणून तो गावाला काहीही वाटो, त्यांना तो बाळ होता.

मतदानाच्या आदल्या आठवड्यात बाळ गठ्ठा घेऊन आला. सिस्टर एका ओट्यावर चपलेचा तुटलेला अंगठा बांधत होत्या.

"ताई, सह्या कर. मतमोजणीला टेबलावर बसणाऱ्या प्रतिनिधींचे फॉर्म आहेत. प्रत्येक टेबलाला आपला एक माणूस."

"यात नावं कुठायत?"

"नावं मी भरतो गं. तू दारं फिरशील का फॉर्म भरशील?"

सिस्टरांनी गुडघ्यावर गठ्ठा ठेवून एकामागून एक सगळ्या कोऱ्या कागदांवर सह्या ठोकल्या. दुसऱ्या कोणी असे कागद पुढे केले असते तर त्यांनी ते त्याच्या तोंडावर फेकले असते. पण आपल्या माणसाचा कागद आपण वाचत नाही. आपल्याला तेवढी लाज असते.

मतमोजणी खेळांच्या सभागृहात होती. जमिनीवर चेंडूच्या खेळाच्या रंगीत रेघा, त्या रेघांवर चाळीस टेबलं, प्रत्येक टेबलाला जाळी. जाळीच्या आत मोजणारे कारकून, बाहेर तिन्ही उमेदवारांचा एकेक प्रतिनिधी, छातीवर उमेदवाराच्या नावाचा बिल्ला. मतदान कागदावर, पेनाने खूण करून झालं होतं; मतपत्रिकेत काही संशयास्पद दिसलं की ती बाजूच्या टोपलीत पडायची, आणि टोपली भरली की निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलावर जायची.

सकाळभर सिस्टर बाहेर फळ्यासमोर उभ्या होत्या. आत आपली माणसं आहेत, आपण लुडबुड करायची नाही, असं त्यांचं मत. ऑपरेशन चालू असताना नातेवाईक आत आलेले त्यांना कधी चाललं नव्हतं. फळ्यावर आकडे चढत होते. दहांतला एक जवळजवळ दिसत होता, पण जवळजवळच. थोडासा, चिमूटभर मागे.

इतक्यात मास्तर आतून धापा टाकत आले. "सिस्टर, आपण प्रतिनिधी बदलले का?"

"नाही. का?"

"नाही म्हणजे... मला त्यातला एकही ओळखू येईना. सहा-सात आपले, बाकी सगळे नवे. आधी मला वाटलं पक्ष वाढला."

सिस्टर आत गेल्या. पहिल्याच टेबलाशी थबकल्या. सिस्टरांचं नाव छातीवर लावून तिथे भावी उभा होता.

भावी हा खासदारांचा उजवा हात. वर्षानुवर्षं चौकाचौकांत त्याची पोस्टरं लागत, 'भावी' अमुक आणि 'भावी' तमुक. होत काही नसे, म्हणून लोकांनी पुढचं गाळून नुसतं 'भावी' ठेवलं होतं. दवाखाना, शाळा, विश्रामगृह, बसस्थानक, जिथे जिथे सफाई आणि स्वयंपाकाला ठेक्यावर बायका लागत, तिथला ठेका त्याचा. महिनाभर तो खासदारांच्या शेजारी उघड्या गाडीत हात हलवत फिरला होता.

"हा बिल्ला कोणाचा?" सिस्टर म्हणाल्या.

भावीने खाली मान घालून छातीवरचं नाव वाचलं. "तुमचाच की. वाचता येतं ना, सिस्टर?"

"काढ."

"असं कसं? मी तुमचा अधिकृत प्रतिनिधी आहे. तुमचीच सही आहे." मग तो टोपलीत वाकला आणि एक कागद दोन बोटांनी उचलून शेजारच्याला दाखवू लागला. "ही बघ, शाळेची झाडूवाली! पूर्ण नाव घातलंय हिने. हिचा नवरा आमच्याकडे फुकट जेवून गेला आणि ही इकडे शिडी चढतेय."

सिस्टरांनी त्या टोपलीत पाहिलं.

टोपलीत त्यांचीच मतं होती. प्रत्येक मतपत्रिकेवर शिडीसमोर खूण, आणि खुणेला लागून सही. कुठे पूर्ण नाव, कुठे नुसती पहिली दोन अक्षरं, कुठे घाईने उरकलेली एक वाकडी रेघ आणि खाली टिंब.

हे कुठून आलं ते त्या सभागृहात एकट्या त्यांनाच माहीत होतं. फार वर्षांपूर्वी वॉर्डात एका बाळंतिणीच्या कागदावर कोणीतरी तिच्या नकळत होकाराची खूण केली आणि तिचं पुन्हा मूल न होण्याचं ऑपरेशन होऊन गेलं. बाई रडून रडून थकली; कागद म्हणत होता, तिचा होकार आहे. त्या दिवसापासून सिस्टरांनी वॉर्डात कायदा केला. कागदावर जिथे खूण कराल, तिथे लगेच शेजारी सही. नुसती खूण कोणाचीही असू शकते. ज्यांना सही येत नसे, त्यांना बाळंतपणानंतरच्या पडून राहायच्या दिवसांत त्या स्वतः पाटी देऊन शिकवायच्या. बाळ अंगावर पीत असायचं आणि आई एका हाताने आपलं नाव गिरवत असायची. गावातल्या कितीतरी बायकांनी आयुष्यात शिकलेली ती तेवढीच अक्षरं. मग सिस्टरांसाठी खूण करताना ती अक्षरं त्या काय घरी ठेवून येणार होत्या?

टोपली उचलून सिस्टर थेट निवडणूक अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी गेल्या. ते गृहस्थ गार झालेल्या चहात बिस्कीट बुडवत होते.

"ही मतं बाद का?"

"मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं असेल तर मत बाद. नियम आहे."

"पूर्ण नाव असेल तर बाद. मान्य. जीव तुटतो, पण मान्य. आणि ही? ही रेघ आणि टिंब? सांगा बघू, कोणाची ओळख पटली तुम्हाला?"

अधिकाऱ्यांनी रेघ आणि टिंब चष्मा वर करून पाहिलं. "अशी शंकास्पद असतात. त्यावर उमेदवाराच्या प्रतिनिधीने हरकत घेतली तर मी स्वतः तपासून मोजणीत घेतो. बहुतेक वेळा घेतोच."

"मग घ्या."

"हरकत कुठे आहे?" त्यांनी कागद पुढे सरकवला. "तुमच्या प्रतिनिधींनी प्रत्येक टोपलीवर 'हरकत नाही' लिहून सही दिलीय."

"तो माझा प्रतिनिधी नाही! तो भावी आहे! महिनाभर खासदारांच्या गाडीत उभा होता, तुम्ही पाहिला नाहीत?"

"बाई, मी चेहरा बघत नाही, फॉर्म बघतो."

मास्तर मागून पुटपुटले, "हे ठरावात घेतलं पाहिजे." सिस्टरांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की पुढची दोन वर्षं मास्तरांनी ठरावाचा शब्द काढला नाही.

मग कळलं ते आणखी कडू होतं. टेबलावर सकाळपासून बाजार चालला होता. खासदारांचं एखादं वाकडं मत पास करून घ्यायचं, तर विरोधी पक्षाचा माणूस अडून बसे. मग त्याचंही एक वाकडं पास करायचं. आणि दोघांचं भांडण मिटवायला, मोजणी लवकर आटपायला, सिस्टरांची मूठभर मतं टोपलीत टाकायची, त्यावर वाद घालणारं कोणी नव्हतंच. विरोधी पक्षाच्या माणसांना बिल्ल्यांमागचे चेहरे चांगले ओळखीचे होते. तेही गप्प राहिले. दोघांच्या व्यवहारात सिस्टरांची मतं सुट्ट्या पैशांसारखी इकडून तिकडे गेली.

सिस्टरांनी तिथल्या तिथे सगळे बिल्ले रद्द केले. भावीने आपला काढून त्यांच्या हातावर ठेवला. "घ्या. टोचतच होता." पण तोवर बहुतेक टेबलं उठली होती.

"फेरमोजणी करा," सिस्टर अधिकाऱ्यांना म्हणाल्या.

"फेरमोजणी पहिल्या-दुसऱ्यात फरक कमी असेल तर. तुम्ही तिसऱ्या. मोजून तुम्ही निवडून येणार आहात का?"

"नाही."

"मग तुमचं नुकसान काय झालं?"

शिव्या सिस्टरांना येत होत्या, बाळंतिणींकडून भरपूर शिकल्या होत्या. पण त्यातली एकही पुरेशी नव्हती.

दहांतल्या एकाला चारशे मतं कमी पडली. टोपल्यांमध्ये सह्यांची नऊशेच्या वर होती, आणि त्यातली निम्म्याहून जास्त नुसती रेघ आणि टिंब. खासदार मोठ्या फरकाने निवडून आले. हारांतून मान काढून म्हणाले, "सिस्टर, मी शब्दाचा पक्का माणूस आहे. दहांतला एक म्हणालो होतो. लोकांना वॉर्ड नको आहे, आपण काय करणार?"

"तुम्ही मोजू दिलं असतंत तर कळलं असतं."

"तुमच्याच माणसांनी मोजलं ना!" म्हणून ते पुन्हा हारात शिरले.

तिथून सिस्टर सरळ झेरॉक्सच्या दुकानात. यंत्राचा हिरवा उजेड इकडून तिकडे जात होता आणि कार्बन त्याच्याकडे फार लक्ष देऊन पाहत होता.

"बाळ, इकडे बघ."

"ताई, ऐकून तर घे. चाळीस टेबलं. आपली माणसं सात. बाकीचे पास वाया जात होते. भावी म्हणाला, आमची पोरं बसवतो, तुमचंही बघतील..."

"वाया गेले असते तर बरं झालं असतं रे! रिकामी खुर्ची कधी कोणाच्या मतावर सही करत नाही."

"मला काय माहीत ते असं करतील?"

"सगळं गाव ओळखतं त्याला, तुलाच तेवढा माहीत नव्हता? काय कबूल केलं त्याने तुला?"

कार्बनने यंत्र बंद केलं. "खासदारांच्या ऑफिसचं झेरॉक्सचं काम."

"मूर्खा, त्यांचा सगळा कारभार तोंडी चालतो! त्यांना कागद लागतोच कशाला?"

तो रडायला लागला. लहानपणी तो रडला की सिस्टर आपल्या पदराने त्याचं नाक पुसायच्या. या वेळी त्यांनी पदर कमरेला खोचला आणि निघून गेल्या.

तक्रार केली. मास्तरांनी अकरा पानी लिहिली; सिस्टरांनी तिचं एक पान केलं: माझ्या नावाचे बिल्ले लावून दुसऱ्या पक्षाची माणसं बसली, चौकशी करा. ही तक्रार वरच्या कचेरीत पोहोचली आणि, आश्चर्य म्हणजे, कोणीतरी ती वाचली. चौकशीचं पत्र आलं. सिस्टरांना वाटलं, चला, अजून खेळ संपला नाही.

त्याच आठवड्यात शाळेची झाडूवाली दारात आली. "सिस्टर, उद्यापासून येऊ नको म्हणाले."

"का?"

"का ते नाही सांगितलं. माझं नाव मात्र पूर्ण घेतलं. मला तिथे कोणी नावाने हाक मारत नाही."

मग विश्रामगृहातली इस्त्रीवाली आली. मग दवाखान्याच्या स्वयंपाकघरातल्या दोघी. टोपल्यांमधली नावं भावीने नुसती वाचली नव्हती, आपल्या ठेक्यावरच्या बायकांशी ताडूनही पाहिली होती. एकूण नऊ जणी.

आणि मग कार्बन आला, हातात टाईप केलेला कागद घेऊन. "ताई, तू तक्रार मागे घेतलीस तर चौघींना परत घेतो म्हणाला भावी."

"चौघींना? आणि पाच जणी?"

"जास्त घेता येत नाही म्हणतो. जागा भरल्या."

"तू आता त्याचं टपालही वाहतोस का?"

"मी कोणाचं ऐकू, ताई? तू तर बोलतच नाहीस माझ्याशी."

सिस्टर कागद फाडणारच होत्या. पण नऊ जणी त्या वेळी घरातच बसल्या होत्या, आणि इस्त्रीवाली म्हणाली, "थांबा. चौकशीने आमची चूल पेटणार आहे का, सिस्टर? झालीच चौकशी, तर भावीला एक समज देतील. मग तो आम्हाला ठेवेल का जवळ?"

"म्हणजे त्याचं पाप मी धुवून द्यायचं?"

"पाप तुमचं तुम्ही बघा. मला दोन पोरं आहेत."

मग चौघी कोण, यावर जे भांडण झालं ते सिस्टर कधी विसरणार नव्हत्या. एका खुणेने एकत्र आलेल्या बायका एकमेकींच्या नवऱ्यांच्या पगारावर, पोरांच्या संख्येवर, अंगावरच्या साडीवर उतरल्या. "तुझा नवरा कमावतो!" "कमावतो ते पितो, तुला माहीत नाही?" "तुझ्या सासूचं घर आहे, भाडं कुठे भरतेस?" एकमत फक्त एकीवर झालं. बसस्थानकाच्या सफाईवर असलेली पोर, सगळ्यांत लहान, सातव्या महिन्यातली. ती कोपऱ्यात बसून होती. तिचं नाव पहिलं, असं सगळ्यांनी मान्य केलं. बाकी तिघींची नावं ठरली ती ज्या सर्वांत मोठ्याने ओरडल्या त्यांची.

सिस्टरांनी तो कागद अक्षर न् अक्षर वाचला. 'गैरसमजातून तक्रार केली होती' असं त्यात लिहिलं होतं. त्यांनी 'गैरसमजातून' हा शब्द इतका जोरात खोडला की कागद फाटला. कार्बन म्हणाला, "ताई, असं चालणार नाही." त्याने दुसरी प्रत काढली. त्याच्याकडे होतीच. या प्रतीवर सिस्टरांनी काही न खोडता सही केली आणि पेन भिंतीवर फेकलं.

दुसऱ्या दिवशी भावीने तिघींना परत घेतलं. चौथीला पाहून म्हणाला, "सातवा महिना? हिला घेऊन मी काय करू? लगेच रजाच द्यावी लागेल." तिला दारातूनच परत पाठवलं.

सिस्टर त्याच्या ऑफिसात गेल्या, टेबलावर हात आपटला, काच तडकली, हात कापला. भावी म्हणाला, "तक्रार तर तुम्ही मागे घेतलीत, सिस्टर. आता कशाबद्दल ओरडताय?"

आता शेवटचा हिशेब. खासदारांना पाच वर्षं मिळाली. विरोधी उमेदवाराला पुढच्या खेपेचं तिकीट. भावीला नवं पोस्टर, आणि त्यावर तोच जुना शब्द. कार्बनला झेरॉक्सचं काम मिळालं. महिन्याला जेमतेम एक गठ्ठा, आणि बहीण त्याच्या दुकानावरून तोंड फिरवून जाते. मास्तरांच्या पक्षाचा आकडा देशात कुठेतरी छापून आला. सिस्टरांना चार टाके पडले, ते त्यांनी स्वतःच घातले.

हे सगळं मिळवणाऱ्यांचं आणि थोडं गमावणाऱ्यांचं झालं. भरलं ते सहा जणींनी. शाळेची झाडूवाली, स्वयंपाकघरातली थोरली, विश्रामगृहाची भांडी घासणारी, कचेरीत पाणी भरणाऱ्या दोघी सख्ख्या जावा. आणि सहावी, बसस्थानकावरची पोर. तिने दोनदा भरलं: एकदा नोकरी गेली तेव्हा, आणि दुसऱ्यांदा दोन महिन्यांनी, शहराच्या रस्त्यावर, गाडीत, मूल गेलं तेव्हा.